पेडलपेटी : तीन डबे आणि एकच आवाज

प्रश्न : काका, गिटारसाठी माझ्याकडे आयबानेझचा टीएस-९ (टीएस म्हणजे ट्यूब स्क्रीमर), बॉसचा एसडी-१ आणि टीएसची एक स्वस्त प्लास्टिकची नक्कल आहे. व्हिडिओंत सगळे सांगतात की खरा गोडवा टीएस-८०८ मध्ये. घरी माझे तिन्ही ओव्हरड्राइव्ह (सूर थोडा फाडून जाड करणारे पेडल) किरकिरे आणि जवळजवळ सारखेच वाटतात. ८०८ साठी पैसे साठवू का?
— एक विद्यार्थी, लालबाग

उत्तर : पैसे जरूर साठव, ८०८ साठी नको. ८०८ आला १९७० च्या दशकाच्या शेवटी, टीएस-९ आला १९८२ मध्ये. दोघांचं सर्किट जवळपास एकच. ठरलेला फरक आउटपुटपाशी बसलेल्या दोन रेझिस्टरचा : ८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलोओहम, ९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहम. ‘तेवढे दोन बदलून द्या’ म्हणत मुलं परळला माझ्या दुरुस्तीच्या खोलीत येतात. मी बदलून देतो, मजुरीही घेतो. पण नंतर ‘पाठ करून बस आणि कुठला कुठला ते ओळख’ म्हटलं की भलेभले आधी फोन बघायला लागतात.

आता किरकिरेपणाचं. ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल सूर फाडण्याआधी खर्जाला बाजूला सारतो (साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला तो कमी कमी गेन, म्हणजे जोर, देतो) आणि फाडून झाल्यावर वरची धार घासतो. उरतो मधला भाग. हे मुद्दाम केलेलं आहे. आधीच मोठ्या आवाजात तापलेल्या ट्यूब अँपला (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) पुढून ढकलायचं, हे त्याचं खरं काम. तू रात्री दहानंतर, शेजाऱ्यांच्या धाकाने, छोट्या ट्रान्झिस्टर अँपवर आवाज एकवर ठेवून वाजवणार. तिथे ढकलायला समोर काही नाहीच. नुसता मधला भाग कानाशी आला तर तो किरकिरच करणार.

हाच पेडल गणपतीच्या ऑर्केस्ट्रात लावून बघ. ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन कीबोर्ड आणि वर निवेदकाचा माइक, या गर्दीत खर्ज बासवाल्याने खाल्लेला असतो आणि वरची धार झांजांनी. गिटारला जागा उरते ती मधेच. घरी भरदार वाटणारा आवाज स्टेजवर गुडूप झालेला मी पुष्कळदा ऐकलाय, आणि घरी नाक मुरडलेल्या हिरव्या डब्यानेच (ट्यूब स्क्रीमरनेच) तिथे लाज राखलेली आहे.

तुलना करायचीच असेल तर नीट कर. मित्राकडून लूपर (वाजवलेला तुकडा भरून तोच पुन्हा पुन्हा ऐकवणारा पेडल) आण आणि तो सगळ्या पेडलांच्या आधी जोड. थोडे कॉर्ड आणि एक सोलोचा तुकडा भर आणि तो फिरता सोडून दे. म्हणजे तिन्ही डब्यांत तंतोतंत तोच हात जाईल. नाहीतर आवडत्या पेडलवर माणूस नकळत जोर लावून वाजवतो. मग लेव्हलची बटणं फिरवून तिघांचा आवाज समान कर. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप एवढ्यापुरतं चालेल. हीच पायरी सगळे गाळतात. आवाज थोडासा जरी चढला तरी कानाला खर्ज आणि धार दोन्ही जास्त ऐकू येतात आणि आपण म्हणतो, ‘वा, काय बॉडी आहे!’ ती बॉडी पुष्कळदा दोन डेसिबलची असते. शेवटी मित्राला पेडल बदलायला सांग आणि तू भिंतीकडे तोंड कर.

एवढं करून एसडी-१ वेगळा कळेल असं मला वाटतं. तो १९८१ चा, त्याच्या मागे बॉसचाच १९७७ चा ओडी-१. टीएसमध्ये आवाजाच्या लाटेच्या दोन्ही बाजू सारख्या कापल्या जातात. एसडी-१ मध्ये एका बाजूला एक डायोड (लाट कापणारा सुटा भाग), दुसऱ्या बाजूला दोन, म्हणून काप तिरका पडतो आणि सूर किंचित खरबरीत, मोकळा लागतो. नक्कल आणि टीएस-९ मात्र ओळखू येतीलच असं नाही. तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नकोस, एक विकून टाक.

चौथा डबा हवाच असेल तर दुसऱ्या घराण्यातला घे : प्रोकोचा रॅट. त्यात डायोड थेट ग्राउंडला जातात, त्यामुळे काप धारदार. आणि त्याचं फिल्टरचं बटण उलटं चालतं. उजवीकडे फिरवलंस की आवाज उजळायच्या ऐवजी काळवंडतो. दुकानात ‘हा पीस मंद आहे’ म्हणून रॅट परत करणारे मी पाहिलेत.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ क्लोन (Klon) कंपनीचा जुना सेंटॉर हा ओव्हरड्राइव्ह पेडल आणू शकतो. किंमत काही हजार डॉलर सांगतात. गुंतवणूक म्हणून कसा?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : गुंतवणुकीचा सल्ला मी देत नाही, तो तुमच्या सीएला विचारा. पेडल म्हणून विचाराल तर उत्तम आहे. तो बनवणाऱ्या बिल फिनेगन यांनी १९९४ पासून पुढली चौदा-पंधरा वर्षं सुमारे ८,००० नग केले, तेही बहुतांशी स्वतःच्या हातांनी. आतल्या सर्किटच्या पाटीवर काळं इपॉक्सी (कडक होणारा डिंक) ओतलेलं, कुणी सर्किट उतरवू नये म्हणून. तरी ते उतरवलं गेलंच, आणि आज त्याच्या नकला मध्यम पगारात बसतात. फिनेगन यांनी नंतर केटीआर नावाचा छोटा पेडल काढला. ‘या हास्यास्पद गाजावाजाला मी जबाबदार नाही’ अशा अर्थाचं वाक्य त्यांनी त्याच्यावरच छापलं. बनवणाराच असं म्हणत असेल तर मी काय वेगळं सांगू? कपाटात ठेवायला हवा असेल तर आणा, आनंदाला हिशोब नसतो. वाजवायला हवा असेल तर नक्कल घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला अँप.

प्रश्न : माझ्या मुलाकडे असे सात-आठ रंगीत डबे आहेत. मला सगळे सारखेच ऐकू येतात. ही नुसती उधळपट्टी नाही का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, तुमच्या फळीवर गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला दोन्ही असतील, त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. गोड्या मसाल्याचेच पाच डबे असले तर प्रश्न विचारावा. त्याला विचारा, ‘यातले ओव्हरड्राइव्ह किती?’ दोन म्हणाला तर सोडून द्या. पाच म्हणाला तर वरचं लालबागचं उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : जपानहून वापरलेला जुना बॉस डीएस-१ पेडल मागवला, सोबत अ‍ॅडॉप्टरही आलाय. इथे काही काळजी?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : तो अ‍ॅडॉप्टर आधी पेटीत परत ठेवा. जपानात वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. कन्व्हर्टर पिन लावून तो भिंतीत खुपसला की धूर निघालाच. मग पेडल उलटा करून तळाची पट्टी वाचा. ‘एसीए’ लिहिलं असेल तर तो जुन्या, १२ व्होल्टच्या आसपासच्या अ‍ॅडॉप्टरसाठी बनलाय. आजच्या ९ व्होल्टच्या ‘पीएसए’वर दिवा मिणमिणेल आणि आवाज मरगळेल. पेडल बिघडलाय असं समजून माझ्याकडे आणू नका. ९ व्होल्टची बॅटरी टाकून बघा, बहुधा खणखणीत वाजेल.

बॅटरी टाकलीत तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढा. पेडलचा दिवा बंद असला तरी त्या जॅकमध्ये पिन आहे तोवर बॅटरी खर्च होत राहते. आणि जूनच्या आधी बॅटरी बाहेर काढून ठेवा. आपल्या पावसात ती गळली की स्प्रिंगवर पांढरी बुरशी धरते, क्लिप सडते. क्लिप लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशांत मिळते. पण गळती सर्किटच्या पाटीपर्यंत उतरली असेल तर दुरुस्तीचा खर्च पेडलच्या किमतीला भिडतो.