शिवणीची रेघ : पुसावी की टाक्याखाली झाकावी?

प्रश्न : निवृत्तीनंतर मी घरच्या घरी चामड्याच्या वस्तू हाताने शिवतो. झाडाच्या सालीने कमावलेल्या आणि रंग न दिलेल्या चामड्याचे वहीचे वेष्टन करताना टाक्यांसाठी रुपेरी पेनने रेघा आखल्या. ओल्या फडक्याने त्या निघतील असे दुकानदाराने सांगितले होते, पण त्या निघाल्या नाहीत. दुसऱ्या वेष्टनाला चामडे किंचित ओले करून कर्कटकाने रेघ ओढली, तर थोड्याच वेळात तिच्या कडेने निळसर काळे डाग उमटले. शिवून झाल्यावर मागमूस राहणार नाही अशी रेघ कशी आखावी?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दुकानदाराने सांगितलेले खोटे नव्हते, मात्र ते दुसऱ्या प्रकारच्या चामड्यासाठी होते. क्रोमने (क्रोमियम धातूच्या क्षारांनी) कमावून वर लेप दिलेल्या चामड्यावर रुपेरी शाई पृष्ठभागावरच राहते आणि बहुधा पुसली जाते. सालीने कमावलेल्या उघड्या चामड्याची रंध्रे मात्र ती शोषून घेतात, आणि एकदा आत गेलेली शाई गडद रंग दिला तरी खालून चमकत राहते. बॉलपेनचे तर नावच नको, कारण त्याची तेलकट शाई कालांतराने पसरते. आपली रेघ कडेलगत असेल, तर तेवढी पट्टी रापीने कापून वेष्टन थोडे लहान करणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

काळ्या डागांचे कारण वेगळे आहे. साल किंवा हिरडा यांतील टॅनिन (चामडे कमावणारे तुरट द्रव्य), लोखंड आणि पाणी एकत्र आले की काळा रंग तयार होतो. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून पूर्वी लिहिण्याची शाई करीत, तीच क्रिया आपल्या वेष्टनावर नकळत घडली. खाऱ्या आणि दमट हवेत कर्कटकाच्या टोकांवर डोळ्यांना न दिसणारा गंज सहज धरतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या कारागिराने ओल्या चामड्याला लोखंड लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डाग ताजे असतील तर लिंबाचा रस पाण्यात मिसळून तो कापसाने लावावा, म्हणजे ते फिके होतील. मात्र रस केवळ डागावर न लावता तो संपूर्ण भाग सारखा ओला करावा आणि नंतर साध्या पाण्याने पुसून सावलीत वाळवावा, नाहीतर डाग जाऊन पाण्याची कड उमटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सालीच्या चामड्यावर पुसता येईल अशी रेघ शोधण्यापेक्षा टाक्याखाली झाकली जाईल अशी रेघ दाबावी, कारण हे चामडे दमट असताना दाब धरून ठेवते आणि तिथे शाईची गरजच उरत नाही. स्पंजने चामडे हलके ओले करून त्याचा मूळ रंग परतू लागेपर्यंत थांबावे, आणि मग हाडाच्या, शिंगाच्या किंवा बांबूच्या बोथट टोकाने पट्टीच्या आधारे रेघ ओढावी. मी स्वतः करवंटीचा तुकडा काचकागदावर घासून वापरतो. त्याला गंजही नाही आणि खर्चही नाही. पातळ चामड्यावर कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर आणि जाड पट्ट्यावर ४ ते ५ मिलिमीटर अंतर पुरेसे होते. एकदा जोरात दाबण्यापेक्षा दोनदा हलके ओढावे. कोपऱ्यात विशेष सांभाळावे : दोन रेघा एकमेकींना ओलांडून कडेपर्यंत गेल्या, तर त्या टोकांवर टाका येत नाही आणि ती कायमची उघडी राहतात, म्हणून शेवटच्या छिद्राच्या जागेआधीच हात थांबवावा. पुढे आरीने छिद्रे पाडून दोन सुयांनी शिवल्यावर मेणाचा दोरा त्याच खाचेत बसतो.

खिशासारखा तुकडा कडेपासून दूर, मधोमध बसवायचा असेल, तर कागदाचा साचा ठेवून केवळ कोपऱ्यांच्या जागा आरीने टोचाव्यात आणि त्या जागा हलक्या दाबरेघेने जोडाव्यात. ते चारही टोचे पुढे छिद्रांतच जिरतात. आतल्या लवदार बाजूवर पेन्सिल वापरायला हरकत नाही, पण गुळगुळीत बाजूवर तिचे काजळ मेणाच्या दोऱ्याला लागून शिवणभर पसरते.

क्रोमचे चामडे थंड दाब धरत नाही, त्यामुळे तिथे आपले रुपेरी पेनच उपयोगी पडेल. गडद, मखमली चामड्यावर शिंप्याचा खडू चालतो, तो ब्रशने झटकता येतो. चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघ आखणारेही आहेत, परंतु उकाड्यात तिचा डिंक चामड्यावर उतरतो आणि कधी कधी लेपही निघून येतो, म्हणून ती लावलीच तर काम संपताच काढावी. कोणतेही साधन आधी त्याच चामड्याच्या कातरणावर वापरून, एक दिवस ठेवून, मग पुसून पाहावे.