निवडणुकीच्या तोंडावरची निवृत्ती

प्रश्न : हमखास निवडून येणारे ज्येष्ठ नेते निवडणूक जवळ आली की अचानक ‘आता थांबतो’ असे का म्हणतात? अधेमधे का थांबत नाहीत?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुदतीच्या मध्येच थांबायचे तर राजीनामा द्यावा लागतो आणि मतदारसंघाच्या गळ्यात पोटनिवडणूक पडते, मुदत संपताना पुढची उमेदवारी न मागितली, की काम भागते. हे झाले सोयीचे कारण. खरे कारण बहुधा उमेदवारांच्या यादीत दडलेले असते. आपले नाव गळणार याची कुणकुण लागलेला नेता यादी बाहेर पडण्याआधीच बाजूला होतो, कारण ‘तिकीट कापले’ यापेक्षा ‘तिकीट मागितलेच नाही’ ही बातमी केव्हाही बरी. मूळच्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन इंदूरमधून १९८९ पासून सलग आठ वेळा निवडून आल्या होत्या. तरीही २०१९ मध्ये पक्ष इंदूरचा उमेदवार जाहीर करीना, तेव्हा ५ एप्रिल रोजी त्यांनीच पत्र काढून आपण लढणार नसल्याचे सांगितले आणि पक्षाचा संकोच संपवला. त्या पत्रातला सभ्य रुसवा आम्हाला तरी लपलेला वाटला नाही.

प्रकृतीचे कारण मात्र दर वेळी सबब नसते. सुषमा स्वराज यांनी आपण पुढची लोकसभा निवडणूक लढणार नसल्याचे नोव्हेंबर २०१८ मध्येच जाहीर केले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला दोन वर्षेही झाली नव्हती. एप्रिलमधल्या भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून वस्त्या पालथ्या घालणे सत्तरीत कसे झेपेल, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

आणि अशी निवृत्ती टिकतेच असेही नाही. आपल्या शेजारच्या रामटेकमधून १९८४ आणि १९८९ मध्ये निवडून आलेले, उत्तम मराठी बोलणारे पी. व्ही. नरसिंह राव १९९१ ची निवडणूक लढलेच नाहीत; दिल्लीतला मुक्काम हलवायचा म्हणून त्यांनी पुस्तकांची बांधाबांधही केली होती. २१ मे रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली आणि बरोबर एक महिन्याने, कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसलेल्या रावांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. नोव्हेंबरात ते आंध्रातील नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत पोहोचले. रामटेकमधून पुन्हा उभे राहिले नाहीत.