पहिल्यांदा शाहिरी जलशाला येतोयस तर

अरे, ये की, पण पार स्टेजला चिकटून बसू नकोस. तिथं हलगी कानात घुमते आणि शब्द निसटतात. झीलकऱ्यांच्या, म्हणजे शाहिरामागं सूर धरणाऱ्यांच्या, अंगाला बस. 'जी जी रं जी' झालं की ते जी ओळ पुन्हा उचलतात, मेख तिच्यातच असते.

टाळ्या पटलं तरच वाजव. मागं एकदा मी सगळ्यांबरोबर ओरडलो; रात्री घरी कडक भाकरी मोडताना ध्यानात आलं, आपल्याला ते पटलंच नव्हतं! बहुमताचंही तसंच. सरकार कुणाचं हे मोजणीनं ठरतं, बोलायचा हक्क कुणाला हे नाही. म्हणून तर मूलभूत हक्क संविधानाच्या तिसऱ्या भागात वेगळे लिहिलेत. आंबेडकर राजकीय आणि जातीय बहुमतात फरक करायचे: पहिलं बदलतं, दुसरं जन्मानंच ठरलेलं.

सोलापूरच्या चार हुतात्मा चौकातून येशील तेव्हा पुतळ्यांखालची नावं वाच. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात एकत्र फासावर गेले, चौघं चार समाजांचे.

शाहिराला प्रश्न विचारायचाय? मग कार्यक्रम संपल्यावर टपरीवर गाठ. डफ बाजूला ठेवून चहा घेताना ती माणसं मोकळं बोलतात.