आशाताईंच्या दहावीसाठी पैसे मागताना

ताई, आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना, दहावी करता यावी म्हणून देणगीदारांसाठी लिहिलेला तुमचा प्रस्ताव वाचला. तुम्ही फी आणि पुस्तकंच धरलीत. भामरागड-धडगावसारख्या दुर्गम आदिवासी भागात खरा खर्च फी-पुस्तकांत नसतो. आशाताईंना बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. वर्गाला आल्या की गृहभेटी राहतात आणि पैसेही बुडतात. म्हणून बुडीत दिवसाची भरपाई, जीपचं भाडं, तान्ह्या मुलाला सांभाळणारीचे पैसे, परीक्षेच्या गावी मुक्काम, हे वरच लिहा. देणगीदार भरपाईवर हमखास नाक मुरडतात, तरी ती ओळ काढू नका.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, यादीत शिक्षण, आरोग्य दोन्ही बसतं. पण असा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी संस्थेकडे नसेल तर कंपनी दारातही उभं करणार नाही, तेवढं आधी उरका. गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, येत असेल तर आदिवासी विकासाच्या निधीतून थेट ग्रामपंचायतीला मिळणारा पाच टक्के अबंध निधी कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. त्या खर्चाचा आराखडा होण्याआधीच ग्रामसेवकांना गाठा, नाहीतर सगळं रस्ते-गटारात जातं.

एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावीची परीक्षा एप्रिल-मेची धरा. ऑक्टोबरची धरलीत तर अभ्यास भातलावणीत सापडतो. आणि वर्ग लसीकरणाच्या दिवशी नको, आधी आरोग्य केंद्रातून महिन्याचं वेळापत्रक मागून घ्या.