पन्नास दिवसांचा नव्हे, पन्नासाव्या दिवसाचा

पवित्र आत्मा उतरल्याच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला ‘पन्नास दिवसांचा सण’ म्हणावे का, आणि ज्यूंच्या कापणीच्या सणाला ख्रिस्ती अर्थ कसा मिळाला, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘पन्नास दिवसांचा सण’ ही सरळ चूक आहे आणि ती निमंत्रणपत्रिकांवर वारंवार वाचून मन विटते. ग्रीक ‘पेन्तेकोस्ते’ हे क्रमवाचक विशेषण असून त्याचा अर्थ ‘पन्नासावी’ असा आहे. दिवस या अर्थाचे ‘हेमेरा’ हे स्त्रीलिंगी नाम तेथे अध्याहृत असते. तेर्तुलियनसारखे आरंभीचे ख्रिस्ती लेखक येशूच्या पुनरुत्थानापासूनच्या सबंध पन्नास दिवसांनाही हेच नाव देत, असा दाखला काही जाणकार देतात. परंतु तो नंतरचा अर्थविस्तार होय. बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ‘दिवस’ हा शब्द स्पष्ट आहे, त्यामुळे मराठी बायबलातील ‘पन्नासावा दिवस’ हेच भाषांतर अचूक ठरते. शिवाय ते सुंदरही आहे. ग्रीक ‘पेन्ते’ आणि संस्कृत ‘पञ्च’, ‘पेन्तेकोन्ता’ आणि ‘पञ्चाशत्’ ही एकाच कुळातली भावंडे. ‘पञ्चाशत्’चे प्राकृतात ‘पण्णास’ झाले आणि त्याचे आपले ‘पन्नास’. हजारो वर्षांपूर्वी पांगलेले दोन शब्द या भाषांतरात पुन्हा समोरासमोर आले आहेत.

हिब्रूत या सणाचे नाव ‘शावुओत’, म्हणजे सप्ताह. त्याच्या मुळाशी ‘शेवा’, म्हणजे सात. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या वेळी जवाची पहिली पेंढी देवापुढे ओवाळायची, त्या दिवसापासून सात सप्ताह मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पण करायच्या, असा बायबलातील लेवीय पुस्तकातला विधी आहे. मोजणी ‘शब्बाथाच्या’, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, ‘दुसऱ्या दिवसापासून’ सुरू होते. परूशी आणि सदूकी हे ज्यूंचे दोन पंथ. परूशी लोकांच्या मते हा शब्बाथ म्हणजे वल्हांडणाच्या सणाचा पहिला दिवस, तर सदूकी लोक तो शनिवारच मानत. सदूकींच्या हिशेबाने पेंढीचा दिवस रविवारी येतो, आणि पुनरुत्थानही रविवारीच झाले. प्रेषित पौल ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठलेल्यांचे ‘अपार्खे’, म्हणजे पहिले अर्पण, म्हणतो आणि रोमकरांस पत्रात पवित्र आत्म्यालाही तोच शब्द लावतो. त्या पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत आत्मा उतरला आणि सुमारे तीन हजार माणसे मंडळीत आली. पहिली पेंढी म्हणजे ख्रिस्त आणि मागून आलेले पीक म्हणजे ही माणसे, असा हा अर्थ आहे. खमिराच्या दोन भाकरींत यहूदी आणि परराष्ट्रीय यांची एकत्र मंडळी पाहणारे अर्थकारही आहेत, आणि वेदीवर खमीर जाळण्यास मनाई असताना येथे ते मुद्दाम घालायला सांगितले आहे, हे लक्षात घेतले की त्यांचे म्हणणे पटते.

सीनाय पर्वतावर मोशेला नियमशास्त्र मिळाले त्याच्या स्मरणार्थ हा सण असून ख्रिस्ती अर्थ केवळ त्याचेच रूपांतर होय, असे ठामपणे लिहिणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. ती रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, परंपरा आदरणीय आहे, परंतु तोरामध्ये, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, या सणाचा सीनायशी संबंध कोठेही सांगितलेला नाही. तेथे मुख्यतः शेत, पेंढी आणि भाकरी आहेत.

म्हणूनच ‘अपार्खे’साठी रूढ झालेला ‘प्रथमफळ’ हा शब्द मला खटकतो. ग्रीक शब्दात फळ नाही, त्यात केवळ आरंभ आहे; आपल्याकडे फळ इंग्रजीच्या वळणाने आलेले दिसते, आणि जवाच्या पेंढीला फळ म्हणणे कोणाही शेतकऱ्याच्या तोंडी बसणार नाही. आपल्याकडे याला जिवंत शब्द आहे. कोकणात नवान्न पौर्णिमेला भाताची लोंबी आंब्याच्या पानात घालून दाराला बांधतात, त्याला ‘नवे’ म्हणतात. गोव्यात कोणसांच्या (कणसांच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, पाद्री पहिली कणसे आशीर्वादित करतात. तेथील ख्रिस्ती माणसाला ‘ख्रिस्त हे नवे’ असे सांगितले, तर कणीस हातात धरूनच त्याला पौलाचे वाक्य कळेल.