पहिले पिनबॉल यंत्र घेताना
रत्नागिरीत पिनबॉलचे, म्हणजे उतरत्या फळीवर पोलादी चेंडू टोलवत खेळायचे, यंत्र आणण्याचा तुमचा बेत कळून मनापासून आनंद झाला. मात्र चित्रपटावर बेतलेले नवे यंत्र पहिल्याच खेपेतून मागवू नका, कारण त्याचे सॉफ्टवेअर पुष्कळदा अपुरे असते आणि खेळाच्या फळीवरील लेपाचे टवके उडण्यासारखे दोष पहिल्या ग्राहकांच्याच वाट्याला येतात. काही महिने थांबा. यंत्र बसवल्यावर मागच्या पायांचे स्क्रू फिरवून फळीचा उतार साधारण ६.५ अंश ठेवा. नवखे तो तपासत नाहीत आणि खेळ संथ वाटला की यंत्राला दोष देतात. सुमारे ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंजतो व गंजलेला चेंडू फळी खरवडतो, म्हणून पावसाळ्यात तो दर आठवड्याला काढून पुसा. सर्किटची दुरुस्ती सध्या राहू द्या, मनसोक्त खेळा.