निळ्या खुणा मोजणाऱ्या मॅडम

"मुलं मेसेज बघतात, पण उत्तर देत नाहीत." गेल्या काही वर्षांत हे मी इतक्या प्राध्यापकांकडून ऐकलंय की समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत ओळखू येतं. २०२० मध्ये वर्ग बंद पडले तेव्हा घाईघाईत विषयागणिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाले. पुढे वर्ग भरू लागले, ग्रुप तसेच राहिले आणि ही टोचणीही.

वसुधा मॅडम (नाव, तपशील बदलले आहेत) चोवीस वर्षं समाजशास्त्र शिकवतायत. झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. रात्री अकराला फोनवर काय करता असं विचारलं, तर त्यांनी फोनच पुढे केला. दुपारी ग्रुपवर टाकलेला प्रश्न त्यांनी बोटाने दाबून धरला आणि वाचणाऱ्यांची यादी उघडली. ६४ पैकी ५९ जणांनी वाचलेला. उत्तर एकही नाही, फक्त एक अंगठा. "तोही वर्गप्रतिनिधीचा."

"दिवसातून किती वेळा बघता ही यादी?"

"सात-आठ." थोडं थांबून, "दहा म्हणा."

पहिल्या तीन भेटी तक्रारीतच गेल्या. वर्गातली शांतता आदराची, ही अपमानाची, असा त्यांचा हिशेब. "वाचलंय ना? मग उत्तर द्यायलाच हवं."

मी समुपदेशक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वळणाचा. १९५५ पासून ते जे मांडत आले, ते मराठीत एका अक्षरात मावतं: 'च'. 'दिलं तर बरं' ही इच्छा झाली, 'द्यायलाच हवं' हा हुकूम. पण हे व्याख्यान मी मॅडमना दिलं नाही. प्राध्यापकांना व्याख्यान देऊ नये, ते मनातल्या मनात गुण देत बसतात.

चौथ्या भेटीत सहज विचारलं, "तुमच्या विभागाचाही ग्रुप असेल ना?"

"आहे की. परवाच विभागप्रमुखांनी नव्या अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर मतं मागितलीत."

"तुम्ही काय लिहिलंत?"

"काहीच नाही."

"त्यांचा अपमान करायचा होता?"

"छे हो! वाचलाय मी मसुदा. दोन मुद्दे डोक्यातही आहेत. पण सतरा जणांसमोर लिहायचं म्हणजे... एखादं वाक्य चुकलं तर तिथेच राहतं ना ते, नावासकट."

बोलता बोलता त्या थांबल्या. फोन टेबलावर उपडा ठेवला. मीही गप्प बसलो. (एवढं गप्प बसायला शिकण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत.) मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे पोरं मला टाळत नाहीयेत. एकमेकांना घाबरतायत."

मला स्वतःला त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली. वर्गात चुकीचं बोललेलं हवेत विरतं, ग्रुपवरचं उरतं, त्याचे स्क्रीनशॉट निघतात. विद्यार्थ्याला चव्हाट्यावर उभं करायचं आणि तो बोलत नाही म्हणून आपण रुसायचं!

पुढची कामं साधी होती. ग्रुप फक्त सूचनांपुरता, लिहिण्याची मुभा अ‍ॅडमिनलाच. तसंही तिथे प्रत्येकीचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, एवढ्यासाठीसुद्धा तो चर्चेची जागा नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपच्या मतदानात कुणी काय निवडलं तेही दिसतं, म्हणून ते नको. वाचल्याच्या निळ्या खुणा खासगी गप्पांत बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत. तेव्हा बंद करायची ती आपली नजर.

चर्चा नेली मूडलवर. २००२ पासूनची ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली त्यांच्या विद्यापीठात होतीच, नोट्स चढवण्यापुरती. तिच्यात चर्चेचा एक प्रकार असा आहे की स्वतःचं उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची दिसत नाहीत. लिहिल्यावरही एरवी अर्धा तास थांबावं लागतं, तेवढ्यात आपलं दुरुस्त करता येतं. हुशारांचं वाचून दबून जाणं नाही, नक्कल नाही. दोन ओळी चालतील, असं मॅडमनी आधीच सांगून टाकलं. वर्गात त्यांनी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांची रीत धरली: प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने मत नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा नोंदवायचं. हे मतदान आता फोनवर बिननावाच्या फॉर्मने होतं. मुलांना उत्तरं मॅडम संध्याकाळी पाच ते सहा देणार, नंतर नाही. हे मात्र मी हट्टाने लिहून घेतलं.

यादी आठवडाभर उघडायची नाही असं ठरलं होतं. दोनदा उघडली म्हणाल्या. मूडलवर पहिल्या आठवड्यात २३ उत्तरं आली. त्यातलं सगळ्यात लांब, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलाचं. मॅडमनी ते मला पूर्ण वाचून दाखवलं, त्यातल्या चुकांसकट.

शेवटच्या भेटीत कळलं, विभागाच्या ग्रुपवर त्यांनी आपले दोन मुद्दे लिहिले होते.

"मग रात्री कुणी वाचलं, ते बघितलंत?"

"बघितलं," त्या हसल्या, "एकदाच."

हा 'च' मी चालवून घेतला.